पाण्याखालचं गिऱ्हाईक

१

माझा तळहात खोटं बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे त्यात डोळ्यांनी पाहिलेलं फार थोडं आहे. बहुतेक सगळं तळहाताने कळलेलं. ज्याला पटेल त्याला पटेल, बाकीच्यांनी खुशाल म्हणावं की म्हातारा भ्रमिष्ट झाला. चाळीस वर्षं काउंटरमागे उभा आहे मी. लोकांच्या म्हणण्याने माझं दुकान कधी उघडलं नाही, आणि बंदही पडलं नाही.

दुकान लोखंडी सामानाचं. खिळे, स्क्रू, साखळ्या, कड्या, बिजागऱ्या. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण काउंटरवर. खिळे वजनावर विकले जातात. कोणी पाव किलो मागितले की मी पिंपात हात घालतो, मूठ भरतो आणि कागदावर ओततो. काट्यावर ठेवतो ते निव्वळ गिऱ्हाईकाच्या समाधानासाठी. सुतार मंडळी चहाची पैज लावतात आणि चहा पाजून जातात. एका महाभागाने एकदा माझ्या मुठीतल्या खिळ्यांत हळूच एक नट सरकवला. मी मूठ न उघडता म्हटलं, "काका, तुमचा नट तेवढा काढून घ्या." तेव्हापासून तो मला वचकून असतो.

ज्यांच्या दुकानात मी पहिली नोकरी केली, त्या थोरल्या मालकांनी मला एकच धडा दिला. म्हणाले, "गिऱ्हाईकाचं तोंड बघू नकोस, हात बघ. वस्तू हातावर एकदा खेळवली, तर तो नुसता चौकशी करतोय. दोनदा खेळवली, तर मनात भरली आहे. तीनदा खेळवली की त्याने घेतली समज, मग तोंडाने काही का म्हणेना." खेळवणं म्हणजे वस्तू तळहातावर ठेवून किंचित वर-खाली करणं, वजन अजमावायला करतात तसं. चाळीस वर्षांत हा नियम चुकलेला मी पाहिला नाही.

आता घरातलं सांगतो. मुलगा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येतो. सूनबाई इस्पितळात नर्स. आणि नात सहा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. दर रविवारी तिला दोन्ही हातांवर उचलून मी वजन सांगायचो आणि सूनबाई इस्पितळातल्या काट्यावर पडताळून बघायची. "बाबा, काटा बंद करून तुम्हालाच वॉर्डात बसवायला हवं," म्हणायची. त्या महिन्यात भिंगरी साडेअठरा किलो होती.

आमच्या घरामागे कालवा आहे. मागचं दार उघडलं की सात पायऱ्या, आणि आठवी पायरी पाण्यात. त्या दाराला मी तीन कड्या बसवल्या, तिन्ही माझ्याच दुकानातल्या. भिंगरी सहाव्या वर्षी तिन्ही उघडायला शिकली. माल चांगला आणि तेल दिलेलं, काय बोलणार?

तेव्हा मी ठरवलं की आता कडी नको, पोरीला पोहायलाच शिकवायचं.

"चांगला मास्तर लावू ना, बाबा," सूनबाई म्हणाली.

"मला कोणी मास्तर लावला होता? सेहेचाळिसाव्या वर्षी शिकलो, दुसऱ्यांचं बघून बघून."

"म्हणूनच म्हणते, मास्तर लावू."

हसलो आम्ही. पण शिकवायचं मीच, हे ठरलं.

२

पोहण्याचा तलाव माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर. मोठी जुनी इमारत, वर काचेचं छत, खाली हिरवट फरशी. दुपारी दोन ते तीन माझं दुकान बंद असतं आणि तलावही जवळपास रिकामा असतो. एक पंप कुठेतरी घरघरत असतो. बोललं की आवाज छताला जाऊन उशिराने परत येतो. पाण्याकडे लक्ष ठेवायला एक उंच खुर्ची आणि तिच्यावर पन्नाशीचा एक माणूस. गळ्यात सदा शिट्टी, म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलेलं. आमची जुनी ओळख. त्याच्या घराच्या सगळ्या कड्या माझ्याकडच्या.

मी शिकवायची पद्धत माझी मीच काढली होती. पोरीला पाण्यावर उताणी झोपवायची, पाठीखाली माझा उजवा तळहात ठेवायचा आणि तिला छताच्या काचा मोजायला लावायच्या. घाबरलेलं पोर अंग ताठ करतं, मान उचलतं, म्हणून हातावर जड लागतं. भीती उतरेल तसं वजन उतरतं. हातावर काही उरलं नाही की पोर तरंगायला शिकलं. इतका साधा हिशेब. असा मास्तर कुठे मिळणार होता, ज्याचा हातच काटा आहे?

पहिल्या दिवशी ती माझ्या हातावर चार किलोला थोडी कमी होती. दुसऱ्या दिवशी साडेतीन. पाचव्या दिवशी तीनच्या आत आली. शिस्तीत चाललं होतं.

सहाव्या दिवशी ती दीड किलो भरली.

मी खूश झालो. असं बघा, एखादं पोर एका रात्रीत शहाणं होतं. सायकलचंही तसंच, काल पडत होतं आणि आज पळतंय. दुकानात येईल त्याला मी सांगत सुटलो. कोणी बिजागरी मागितली तरी आधी नातीची हकिकत, मग बिजागरी.

त्याच दिवशी पाण्याबाहेर येताना भिंगरी म्हणाली होती, "आबा, तुमचा दुसरा हात किती गार आहे."

"कुठला दुसरा?"

"कमरेखालचा."

माझ्या डाव्या हातात तिचा पोहण्याचा चष्मा होता. तो तासभर तिथेच होता, पाण्याबाहेर, कोरडा.

"पाणीच गार आहे गं," मी म्हटलं, आणि तिचं डोकं पुसायला लागलो.

३

सातव्या दिवशी ती एक किलोवर आली. आठव्या दिवशी पाऊण.

मला आनंद व्हायला हवा होता. पण व्यापाऱ्याला एक खोड असते. वजन जास्त भरलं तर तो काट्यावर संशय घेतो, आणि कमी भरलं तरी घेतो. वाटलं, हात म्हातारा झाला असेल. सांधे दुखतात हल्ली, बोटं बधिर होतात, पाण्याने कातडी सुरकुतते. तेव्हा नवव्या दिवशी शाळेच्या कार्यक्रमामुळे भिंगरी येणार नव्हती, ती संधी साधली. पाच-पाच किलो खिळे दोन रबरी पिशव्यांत घट्ट बांधले आणि त्या घेऊन तलावात उतरलो. एक उजव्या तळहातावर ठेवून पाण्याखाली धरली. शेजारीच डाव्या हाताने तशीच दुसरी.

शिट्टी खुर्चीतून वाकला. "शेठ, आता खिळ्यांना पोहायला शिकवताय?"

"शिकले की तुलाच पहिली पिशवी."

"नको बाबा, तरंगणारे खिळे भिंतीत राहायचे नाहीत."

तलावाच्या सगळ्या कोपऱ्यांत फिरलो. उथळ बाजूला, मधे, पंपाच्या झोतासमोर. पिशव्यांनी एक ग्रॅमचाही फरक दाखवला नाही. माझा हात शाबूत होता आणि पाणीही नेहमीचंच होतं. म्हणजे कमी होत होतं ते फक्त पोरीचं.

बाहेर येऊन मी शिट्टीजवळ बसलो. सहज बोलल्यासारखं म्हटलं, "आमची भिंगरी फार लवकर शिकतेय रे."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "इथे पोरं लवकरच शिकतात, शेठ."

"चांगलंच आहे की."

"हो, चांगलंच आहे." शिट्टीची दोरी तो बोटाला गुंडाळत होता. "मी माझ्या नातवाला पलीकडच्या गावी पाठवलं शिकायला. तिथल्या तलावात वेळ लागतो."

"का रे?"

"का म्हणजे? असंच." तो उठला आणि नसलेल्या कोणाला तरी ओरडला, "धावू नका काठावर!"

मी त्याला खोदून विचारायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून भीती विकत घ्यायची मला सवय नाही.

४

दहाव्या दिवशी भिंगरी माझ्या हातावर आली आणि हातावर काहीच आलं नाही. पाव किलोही नाही. ओला टॉवेल याहून जड असतो.

ती हसत होती, डोळे मिटलेले. "आबा, आज पण झुलवा ना."

"मी कुठे झुलवतो?"

"परवासारखं. वर, खाली."

आणि तेवढ्यात ती माझ्या तळहातावरून किंचित वर उचलली गेली आणि परत टेकली. एकदाच. पंपाची लाट असेल. त्या वेळी मी खरंच असं स्वतःला सांगितलं. पाण्यात लाट येणार नाही तर काय येईल?

आता जी चूक मी केली, ती दुसऱ्या कुठल्याही आजोबाने केली नसती. दुसऱ्या आजोबाने डोळ्यांनी बघितलं असतं. त्याला दिसलं असतं की पोरगी हात हलवत नाही, पाय मारत नाही, छातीत श्वास धरत नाही. पाटावर ठेवल्यासारखी नुसती पडून आहे. पण मी काट्याचा माणूस. हातावर शून्य आलं, म्हणजे माल तयार. मी तिला खोल बाजूला घेऊन गेलो.

तिथे माझेही पाय टेकत नाहीत. डाव्या हाताने काठालगतची लोखंडी नळी धरली, उजवा तिच्या पाठीखाली. शिट्टी फाटकाशी कोणाशी तरी बोलत होता. काचेतून ऊन पाण्यात उतरलं होतं आणि तळाच्या फरशीवर हलत होतं.

ती उचलली गेली आणि टेकली.

परत उचलली गेली, टेकली.

त्या दुसऱ्या वेळी मला कळलं. डोक्याला कळायच्या आधी हाताला कळलं. लाट ढकलते, धक्का देते. हे ढकलणं नव्हतं. खालून कोणीतरी सावकाश, जाणकारपणे, वजनाचा अंदाज घेत होतं. ही हालचाल मी लाख वेळा पाहिलीय. काउंटरपलीकडे सुताराने हातोडी उचलली की त्याचं मनगट असंच हलतं.

"भिंगरी, माझी मान धर!" मी ओरडलो.

तिसऱ्यांदा ती उचलली गेली. आणि मग टेकलीच नाही. माझ्या हाताला चाटून, बाजूने, सरळ खाली गेली. पोर बुडतं तेव्हा तडफडतं, हातपाय झाडतं. ही तशी गेली नाही. दुकानातून पसंतीची वस्तू घेऊन माणूस शांतपणे बाहेर पडतो, तशी ती नेली गेली.

नळी सोडून मी तिच्यामागे गेलो. मनगट सापडलं. ओढलं तर पोरगी साडेअठरा किलोची नव्हती, दुप्पट होती. मी सोडलं नाही. छातीत आग झाली, कानात घंटा वाजल्या, तरी सोडलं नाही. मग एकदम ती हलकी झाली आणि आम्ही दोघं पाण्यावर आलो. शिट्टी कपड्यांसकट उडी मारून आमच्यापर्यंत पोहोचला होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, पण आश्चर्य नव्हतं.

५

सूनबाईने पोरीला तपासलं. छाती ऐकली, डोळे बघितले, कोरड्या चादरीत गुंडाळलं. मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, तळहाताच्या फोडासारखं जपलं मी तिला. तुमच्या हातात दिली होती."

"चूक माझीच आहे."

"मला चूक कोणाची ते नकोय. आता पाणी बंद."

"ऐक तरी—"

"बंद म्हणजे बंद."

सांगणार काय होतो? वजन कमी भरत होतं?

चादरीतून भिंगरीचा आवाज आला. "पण मी बुडले नव्हते, आई. मला खाली दाखवायला नेत होते."

"कोण गं?"

"दुसरा हात."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. "पाणी गेलंय डोक्यात," ती म्हणाली, पण नंतर बराच वेळ पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसली.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाच्या किल्ल्या शोधत होतो आणि मागच्या दाराचा गारवा पायांना लागला. तिन्ही कड्या उघड्या. पायऱ्या उतरून गेलो तर भिंगरी सातव्या पायरीवर बसलेली, पाय आठवीवर, पाण्यात. तिने मागे रेलून दोन्ही हात पसरले होते आणि घसरत घसरत कमरेपर्यंत ओली झाली होती. चेहऱ्यावर अगदी निर्धास्त हसू.

मी बखोट धरून तिला वर ओढलं.

"काय करतेस?"

"बघत होते, इथे पण धरतात का."

तिच्यामागे दारात सूनबाई उभी होती, हातात पोरीची वेणी घालायची फणी. तिनेही ऐकलं. फणी तिच्या हातून पडली आणि सातही पायऱ्या उड्या मारत पाण्यात गेली. आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं. लाकडाची फणी ती, तरंगायला हवी होती. तरंगली नाही.

मग मी सूनबाईला सगळं सांगितलं. वजनं, पिशव्या, तीनदा खेळवणं. ती नर्स आहे, अशा गोष्टी ऐकून घेणारी नाही. पण ऐकत राहिली.

"मग हे घर सोडू," ती म्हणाली.

"सोडू. पण जिथे जाशील तिथे पाणी आहे. तळं, विहीर, हौद. आता तिला पाण्याची भीती उरलेली नाही, आणि पोहताही येत नाही. तिला वाटतं, पाण्यात कोणीतरी धरणारं आहे. भीती गेली आणि विद्या आली नाही, यापेक्षा वाईट काय?"

"तुम्हाला म्हणायचंय काय, बाबा?"

"तिला शिकवायचं. तिथेच. कोणाच्याही हाताशिवाय. माझ्यासुद्धा."

सूनबाईने पोरीला आत घेतलं. मग दाराला कडी लावत म्हणाली, "मी काठावर उभी राहणार. एक क्षणही हलणार नाही."

६

शिट्टीने आम्हाला फाटकातच अडवलं. "शेठ, कशाला? दुसरीकडे न्या की. मीच पत्ता देतो."

"माझ्या नातीला इथे नेलं जात होतं. तर शिकेलही इथेच."

"हट्टीपणा करताय."

"चाळीस वर्षं त्याच्यावरच दुकान चाललंय."

तो बाजूला झाला. पण त्या दिवसापासून आम्ही पाण्यात असलो की तो खुर्चीवर बसायचा नाही, काठाशी उभा राहायचा.

मी पद्धत उलटी केली. पाठीखाली हात नाही की पोटाखाली नाही. पहिले चार दिवस तिने फक्त नळी धरून पाय मारले. मग पायरीवरून माझ्याकडे झेप, आधी एक हात अंतर, मग दोन. मी समोर उभा, हात पाठीमागे बांधलेले. ती रडली, चिडली. "तुम्ही धरत नाही, तो धरायचा!" म्हणाली. मनात कळ उठली, पण हात पुढे केला नाही. मी स्वतः असाच शिकलो होतो, नाकातोंडात पाणी जाऊन. फुकट आधार मिळाला नाही म्हणूनच आलं मला.

अकराव्या दिवशी तलावाची रुंदी पार करायची ठरली. या काठावर मी, त्या काठावर सूनबाई गुडघ्यांवर बसलेली. अंतर बारा-तेरा हात. मी चष्मा लावला आणि भिंगरीच्या मागोमाग पाण्यात राहिलो, हात न लावता. ती निघाली. पाय मारतेय, हात फेकतेय, आवाज नुसता धबाधबा. कसलं सुंदर पोहणं नव्हतं ते, पण तिचं स्वतःचं होतं.

मध्यावर ती थांबली.

पाय थांबले, हात थांबले, आणि ती बुडाली नाही. उलट वर आली. खांदे पाण्याबाहेर, पाठ पाण्याबाहेर. एवढं वर कोणी तरंगत नाही. तोंड वळवून तिने माझ्याकडे पाहिलं, तेच निर्धास्त हसू.

किंचित वर, आणि खाली.

"बाबा!" सूनबाई किंचाळली.

किंचित वर, आणि खाली.

मी डोकं पाण्यात घातलं आणि पोरीच्या खाली शिरलो.

तिच्या पोटाखाली एक हात होता. तळवा वर. मोठा, पसरलेला, पाण्याने पांढरा पडलेला. त्या तळव्यावर रेषाच नव्हत्या. जुन्या वजनावरचे आकडे हजार वेळा हाताळून पुसून जातात, तसा तो गुळगुळीत झालेला. किती वजन केलं असेल त्याने आजवर, किती जणांचं, हे त्या गुळगुळीतपणावरून कळत होतं. मनगटाच्या पुढेही काही होतं. खोल, फरशीपर्यंत, आणि मला वाटतं फरशीच्याही खाली. मी तिकडे पाहिलं नाही. लोक म्हणतील घाबरला. नाही. थोरल्या मालकांनी शिकवलंय, गिऱ्हाईकाचं तोंड बघायचं नाही.

ते मनगट तिसऱ्यांदा खाली गेलं, उचलण्यासाठी. त्याच क्षणी मी माझा उजवा हात मधे घातला. पोरीच्या पोटाखाली पालथा हात, त्याच्या तळव्याला माझा तळवा भिडला. गार नव्हता तो. गारच्या पलीकडे काही असेल तर ते. त्याने उचललं ते माझं वजन उचललं. क्षणभर थांबला. गोंधळला, जसा कोणी डब्यात साखर म्हणून हात घालतो आणि खिळे लागतात.

मी सगळा जोर लावून खाली दाबलं आणि तोंड पाण्याबाहेर काढून जीव खाऊन ओरडलो, "विक्रीला नाही!"

छताने ते शब्द घेतले आणि उशिराने परत फेकले. नाही, नाही, नाही.

"भिंगरी, पाय मार! कोणी धरलेलं नाही तुला, कोणीही नाही, पाय मार!"

ती दचकली. खांदे पाण्यात गेले, नाकात पाणी गेलं, खोकली. आणि मग तिने पाय मारले. त्यातली एक लाथ माझ्या कानशिलात बसली. आयुष्यात इतकं गोड मला दुसरं काही लागलेलं नाही. धबाधबा, वेडीवाकडी, ती त्या काठाला पोहोचली आणि तिने आईची बोटं धरली.

मी मागोमाग गेलो. तिला दोन्ही हातांवर घेऊन काठावर ठेवताना मी आधी थांबलो आणि वजन घेतलं. साडेअठरा किलो. एक ग्रॅम कमी नाही.

"आबा," ती दात वाजवत म्हणाली, "तो चिडला का?"

"चिडू दे. आपण काय त्याचं खातो?"

सूनबाई हसायला गेली आणि रडली.

७

भिंगरी आता कालव्याच्या या काठावरून त्या काठावर जाते, आईच्या डोळ्यांदेखत. मी एकदा गंमत म्हणून पोटाखाली हात देऊ गेलो, तर "हात काढा!" म्हणून खेकसली. मागच्या दाराला एकच कडी ठेवली आहे. बाकीच्या दोन काढून विकल्या.

सूनबाईला वाटतं की मी तलावात जाणं सोडलंय. सोडलेलं नाही. दुपारी दोनला दुकान बंद करतो, शिट्टीला हात करतो, पाण्यात उतरतो आणि खोल बाजूला जाऊन उताणा पडून राहतो. शिट्टी काही विचारत नाही. त्या तासाला आता उथळ बाजूला कोणाकोणाची पोरं शिकत असतात. त्यांचे बाप ओरडतात, "अजून ताठच होतोस, सोड की अंग!" पोरं रडतात. हल्ली या तलावात पोरांना शिकायला वेळ लागतो.

कारण मी पाहून ठेवलंय, त्याला हात एकच आहे. आणि रोज दुपारी दोन ते तीन तो माझ्या पाठीखाली असतो. पहिले काही आठवडे त्याने नुसता टेकवून ठेवला. मग एकदा खेळवलं. मी काचांकडे बघत म्हटलं, "जुना माल आहे, बाबा. गंजलेला. तुला परवडायचा नाही." गेल्या महिन्यात दोनदा. "बघ, सावकाश बघ. घाई कोणाला आहे?"

आज त्याने तीनदा खेळवलं.

थोरले मालक म्हणायचे, तीनदा झालं की त्याने घेतलं. बरोबरच आहे. पण ते अर्धं झालं. घेणाऱ्याने ठरवलं म्हणून सौदा होत नाही, काउंटरमागेही एक माणूस उभा असतो आणि त्याने 'हो' म्हणावं लागतं. पाणी माझ्या कानांपर्यंत आलं, मग डोळ्यांपर्यंत. वरच्या काचा हिरव्या झाल्या. मी दात आवळून दोन्ही पाय मारले, अगदी भिंगरीसारखे, धबाधबा, आणि काठाला येऊन नळी धरली. कमरेला पाच बोटांचे पांढरे वळ आहेत, अजून गेलेले नाहीत.

उद्या दुकान एक ते तीन बंद राहील. गिऱ्हाईक चिवट आहे, थोडा जास्त वेळ द्यावा लागेल.